कंप्युटरची झूल

धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात. त्यातल्या पाच नंबरच्या गल्लीत दीपचंद शेठजींचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. लग्नसराईत तिथं पारोळ्यापासून, अमळनेरपासून जीपगाड्या भरभरून माणसं यायची. ताटं-वाट्या, हंडे-कळशा आणि धान्याचं ते कंबरेएवढं पिंप घेतल्याशिवाय लग्न लागलं असं खानदेशात कोणी मानत नाही. दुकानाला लागून एक खोली होती आणि तिच्यात पूर्वी अशी पिंपंच पिंपं उभी असत. दोन वर्षांपूर्वी ती पिंपं हलली आणि तिथं कंप्युटर आला. शेठजींना त्याचं फार दुःख होतं, आणि दुःख मनात ठेवायची त्यांना सवय नव्हती.

कंप्युटर आला तो सुनेच्या हट्टावर. कुसुमलता जळगावची, डाळमिलवाल्यांची मुलगी. लग्नाआधी ती सहा महिने नवी पेठेतल्या एका क्लासात डीटीपी शिकली होती. स्थळ येईपर्यंत पोरीचा वेळ जाईल, एवढाच घरच्यांचा हिशेब. वेळ गेला, स्थळ आलं, पण शिकलेलं काही डोक्यातून गेलं नाही. धुळ्याला आल्यावर तिनं नवऱ्याच्या, म्हणजे इंदरचंदच्या, मागे टुमणं लावलं. भांडी घ्यायला लोक येतातच, मग लग्नपत्रिकाही इथंच का करू नये? पडद्यावर गणपती दाखवायचा, रंग दाखवायचे, लोकांसमोर मजकूर जुळवायचा आणि ट्रेसिंगच्या कागदावर प्रिंट काढून मागच्या गल्लीत वनाभाऊंकडे छपाईला धाडायचा. सत्त्याण्णव साल होतं ते. ‘कंप्युटरवर केलेली पत्रिका’ एवढं म्हटलं तरी लोक हरखून जायचे. खोली चालायला लागली आणि कुसुमलता त्या खोलीत अशी काही खुलली, की माहेरच्यांनी पाहिलं असतं तर ओळखलं नसतं.

तसंही कोणी ओळखलं नसतंच, कारण तिचं तोंड दिसायचं नाही. घर मारवाडी, आणि रिवाज असा, की सुनेनं सासऱ्यांसमोर घुंघट घ्यायचा, तोही हनुवटीपर्यंत. त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, काय सांगायचं ते सासूला सांगायचं, मग सासरे दोन हातांवर का बसलेले असेनात. आणि शेठजींची गादी होती दुकान आणि खोलीच्या मधल्या दारातच, तोंड खोलीकडे करून. पिंपं गेली त्या दिवसापासून त्यांना तिकडे लक्ष ठेवावंसं वाटायचं. त्यामुळे कुसुमलता दिवसभर त्या लाल ओढणीतूनच पडद्याकडे बघायची. क्लासात रंगांच्या चौकटी तिला पाठ झाल्या होत्या. तिसऱ्या ओळीतला चौथा शेंदरी, पाचव्या ओळीतला पहिला मोरपंखी. रंग ती जागेवरून ओळखायची, आणि दोन वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

त्या उन्हाळ्यात गावातली रंगपंचमी संपली आणि कंप्युटरनं स्वतःची सुरू केली.

पहिल्यांदा घडलं ते शिंदखेड्याच्या पाहुण्यांसमोर. पडद्यावर छान बसलेला गणपती होता. बघता बघता त्याच्या अंगावर हिरवे ठिपके उठले, मग सोंडेचे तीन तुकडे झाले आणि ते तीन दिशांना चालू लागले. खाली ‘चि. सौ. कां.’ लिहिलेलं होतं, ते पाघळून आडव्या रेघांमध्ये मिसळलं. नवरीची आत्या म्हणाली, पत्रिकेतच देव असा वागायला लागला तर पुढे काय होणार. अख्खी मंडळी उठली आणि जाताना भांडीही न घेता गेली. पुढच्या आठवड्यात असंच आणखी दोनदा झालं.

“खोली पिंपांचीच बरी होती,” शेठजी म्हणाले.

कुसुमलतानं सासूबाईंना सांगितलं, “सासूजी, बाबूजींना सांगा, मशीन अजून तीन वर्षांच्या वॉरंटीत आहे. जळगावहून माणूस बोलावते.”

गुलाबबाईंनी नवऱ्याकडे मान वळवली आणि म्हणाल्या, “ती म्हणते, तुम्ही काळजी करू नका, तब्येतीला जपा.” गुलाबबाई निरोप पोचवताना त्याला थोडं तूप लावायच्या. म्हणून तर त्या घरात सहसा भांडण होत नसे.

माणूस आला तो छगन. मूळचा पारोळा तालुक्यातला, जळगावला कंप्युटरच्या दुकानात दुरुस्तीचं काम करायचा. वय सव्वीस, हातात पेचकसांची बॅग, खिशात शाळेतला खोडरबर. त्यानं मागची केबल काढून लावली, झाकण उघडलं, आतलं डिस्प्ले कार्ड उपटलं, त्याच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासला, फुंकर मारली आणि कार्ड परत बसवलं. मग झाकण लावून चार तास समोर बसून राहिला. गणपती जागचा हलला नाही. छगननं जेवण केलं, ताक प्यायला आणि एरंडोलवरून जाणारी एसटी पकडून परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साक्रीचे पाहुणे आले आणि गणपतीची सोंड पुन्हा फिरायला निघाली.

छगन परत आला. तो खोलीत पाऊल टाकतो न टाकतो तोच मशीन नीट चालायला लागलं. तिसऱ्या खेपेला तो मशीनच घेऊन गेला. गोधडीत गुंडाळून, मांडीवर ठेवून, जळगावपर्यंत. तिथं टेबलावर त्यानं ते तीन दिवस चालू ठेवलं. येणारेजाणारे विचारायचे, हा गणपती इथं कशाला बसवलाय. तीन दिवसांत त्या मशीननं साधी शिंकसुद्धा दिली नाही. धुळ्याला परत आल्यावर पहिल्याच गिऱ्हाइकासमोर मात्र हिरवे ठिपके.

“छगनभाऊंचा पायगुण आहे,” गुलाबबाई म्हणाल्या. “ते आले की याला बरं वाटतं.”

छगनला हे पटायला लागलं होतं, हीच तर पंचाईत. तंत्रज्ञ माणसाचा असल्या गोष्टींवर विश्वास नसावा, पण आपल्याच पायाचं कौतुक असेल तर माणूस किती विरोध करणार. तो हल्ली उंबरठ्यावर उजवं पाऊल आधी टाकायचा.

कुसुमलताला पायगुण नको होता, कारण हवं होतं. एकदा पडद्यावर नुसता चिवडा झालेला असताना तिनं तशीच प्रिंट दिली. प्रिंट निघाली स्वच्छ, गणपती जागेवर, अक्षर न् अक्षर जागेवर. तिनं तो कागद छगनसमोर धरला.

“बरोबर आहे, वहिनी,” छगन म्हणाला. “म्हणजे पत्रिका आत शाबूत आहे. ती पडद्यावर दाखवायचं काम कार्डाचं, तेच घोळ घालतंय. पण मी बिघाड डोळ्यांनी बघितला, असं लिहून सही केल्याशिवाय कंपनी नवं कार्ड देत नाही. आणि माझ्यासमोर ते बिघडतच नाही. मी खोटी सही कशी करू?”

शेठजींनी दारातून हे ऐकलं आणि निकाल देऊन टाकला. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मुदत. आखाजीच्या दिवशी मुहूर्त म्हणून गिऱ्हाइकांची रीघ लागेल. त्या दिवशी जर हा पुन्हा गिऱ्हाइकासमोर बिघडला, तर त्याच दुपारी कंप्युटर माळ्यावर आणि पिंपं खोलीत.

कुसुमलता स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटायला बसली आणि तिला रडू आलं. पोळ्या लाटण्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. पण त्या खोलीत लोक तिला विचारायचे, ताई, हे इथं शोभेल का? पोळ्यांबद्दल तिला असं कधी कोणी विचारलं नव्हतं. ते आता जाणार होतं.

आता गुलाबबाईंचा पोशाख सांगायला हवा. कंप्युटर घरात आला तेव्हाच त्यांनी त्याला पोशाख शिवला होता. मरून रंगाची मखमल, कडेला जरीच्या गोट्याची किनार, मध्ये आरसे, पडद्यापुरती चौकट मोकळी. शेठजी त्याला झूल म्हणायचे, कारण बैलाला घालतात तशी ती मशीनवरून खालपर्यंत लोंबायची. सगळ्यांच्या नजरेत भरेल अशी किमती वस्तू, तिला उघडंवाघडं बाहेरच्यांसमोर कसं ठेवायचं, हा गुलाबबाईंचा सरळ विचार. जीप थांबल्याचा आवाज आला की त्या झूल घालायच्या आणि पाहुणे गेले की काढून घडी करायच्या. मशीन बिघडायला लागल्यावर त्यांनी ओळखलं की नजर लागते आहे. म्हणून त्यांनी आत कापसाचं अस्तर लावलं. तरी बिघडलं, म्हणून दुसरं अस्तर लावलं. छगन यायचा असला की त्या खोली झाडूनपुसून घ्यायच्या, झूल काढून कपाटात ठेवायच्या आणि कूलरचं तोंड छगनकडे करायच्या. काम करायला आलेल्या माणसाला कापड आडवं येऊ नये आणि त्याला ऊनही लागू नये. पाहुणचारात गुलाबबाई कुठं कमी पडल्या नाहीत.

कुसुमलताला हे सगळं रोज दिसत होतं, म्हणजे दिसत नव्हतं. घरात जे कापड रोज अंगावर असतं त्याची कोणी नोंद घेत नाही. कधी बिघडलं, कोण आलं होतं, कोणता गणपती होता, हे सगळं ती वाया गेलेल्या प्रिंटांच्या पाठीवर लिहून ठेवायची. तो गठ्ठा तिनं आखाजीच्या आदल्या दिवशी पुन्हा चाळला. तिला एकच गोष्ट सापडली. गिऱ्हाईक असलं की बिघडतं, छगनभाऊ असले की नाही. मग तिच्या डोक्यात आलं, छगनभाऊच गिऱ्हाईक झाले तर?

तिनं इंदरचंदला एसटीडी बूथवर पाठवून छगनला निरोप दिला. उद्या या, पण छगनभाऊ म्हणून येऊ नका. टोपी घाला, उपरणं घ्या, बॅग दाखवू नका. एखादं वऱ्हाड भांडी घ्यायला उतरेल त्याच्या मधोमध शिरा आणि बाकावर बसा. गिऱ्हाइकांच्या गर्दीत एक माणूस जास्त झाला तर कोण मोजतंय.

हे मात्र अगदी खरं होतं. आखाजीच्या दिवशी दहा वाजता पारोळ्याकडची जीप थांबली आणि तिच्यातून सतरा माणसं उतरली, ती कशी मावली होती ते त्या जीपलाच माहीत. पुढे झुलाल आबा, पांढरं धोतर, मिशा पिळदार. नातीचं लग्न, नातही सोबत. मागोमाग त्यांची बायको वच्छलाबाई आणि मग दोन्हीकडचे पाहुणे, कारण नवरदेवाकडची मंडळीही पत्रिका पसंत करायला सोबत आली होती. दुकानात शिरेपर्यंत ती अठरा झाली. अठरावा छगन, डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं, पेचकसांची बॅग उपरण्याखाली काखेत.

झुलाल आबांना वाटलं, हा नवरदेवाकडचा. नवरदेवाकडच्यांना वाटलं, हा आबांचा कोणीतरी. दोन्हीकडून मान मिळायला लागला. गुलाबबाईंना लांबचं नीट दिसायचं नाही. त्यांनी सगळ्या पाहुण्यांना लांबूनच हात जोडले तसे छगनलाही जोडले, कूलरचं तोंड बाकाकडे फिरवलं आणि कपाटातून झूल काढून, दोन्ही अस्तरांसकट, कंप्युटरला घातली. छगन त्या वेळी आबांच्या मिशांमागे तोंड लपवण्यात गुंतला होता, त्यामुळे त्याला काही दिसलं नाही, आणि मग पुढच्यांच्या डोक्यांमधून दिसला तो नुसता पडदा.

कुसुमलतानं गणपती दाखवायला सुरुवात केली. उभा, बसलेला, मोरावरचा, पानाफुलांचा.

“पाव्हना, तुम्ही बी सांगा ना,” झुलाल आबा छगनला म्हणाले. “कोनता गनपती लेवो?”

छगननं टोपी आणखी पुढे ओढली. “तुम्हीच सांगा, आबा.”

“आसं कसं? तुमना मान पयला शे.”

वच्छलाबाईंनी पाहुण्याच्या हातावर सांजोरी ठेवली. नवरदेवाच्या काकांनी, हा मुलीकडचा दिसतो म्हणून, त्याला जवळ घेऊन बसवलं आणि हुंड्याचा विषय नको, मुलगी आवडली हे महत्त्वाचं, असं त्याच्या कानात सांगितलं. छगननं मान डोलावली. त्या लग्नातली देण्याघेण्याची बोलणी त्याच्याकडून जवळजवळ पुरी होत आली होती आणि मशीन मात्र अजून ठणठणीत होतं. दाराशी शेठजी गादीवर बसून एकटक पडद्याकडे बघत होते. घुंघटात कुसुमलताच्या कपाळावरून घाम ओघळत होता. बिघडावं म्हणून तिनं सगळा बेत रचला होता आणि बिघडू नये म्हणून तिचा जीव तुटत होता.

वीस मिनिटांनी गणपतीच्या पोटावर पहिला हिरवा ठिपका उठला.

“हाई काय शे?” झुलाल आबा पुढे वाकले. “बाप्पा हिरवा कसा काय व्हयना?”

मग सोंड निघाली. एक तुकडा डावीकडे, एक उजवीकडे, एक वर. नवरीच्या नावाची शेवटची दोन अक्षरं घसरून नवरदेवाच्या नावात गेली. मंडळींमध्ये कुजबुज सुरू झाली. वच्छलाबाईंनी नातीचा हात घट्ट धरला.

“झालं,” शेठजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं. “नथ्थू, पिंपं आण.”

दुकानातला हमाल नथ्थू पिंप उचलायला गेला. इकडे बाकावर छगनला राहवलं नाही. दोन महिने जे बघायला मिळालं नव्हतं ते अखेर समोर चाललं होतं. तो ताडकन उठला, टोपी फेकली, उपरणं फेकलं, काखेतली बॅग खाली आपटली आणि मशीनकडे धावला.

“अरे, नवरदेवकडला पाव्हना कोठे चालना?” आबा म्हणाले.

“तो आमचा नाहीच,” नवरदेवाचे काका म्हणाले.

इतक्या जवळून गुलाबबाईंनी त्याला ओळखलं. “अगं बाई, छगनभाऊ,” त्या पुटपुटल्या आणि दोन महिन्यांच्या सवयीनं त्यांचे हात आपोआप चालले. एका हातानं त्यांनी झूल ओढून काढली, दुसऱ्या हातानं कूलरचं तोंड मशीनकडे फिरवलं.

कुसुमलता त्या हातांकडे बघत राहिली. मखमल हवेत होती, आरसे लुकलुकत होते, आणि छगन जागच्या जागी थांबला होता.

“हे काय आहे?” तो म्हणाला.

“पोशाख आहे त्याचा,” गुलाबबाई म्हणाल्या.

“हा कधी घालता तुम्ही?”

“पाहुणे आले की घालते. तुम्ही येणार असलात की काढते. तुम्हाला काम करायचं असतं ना.”

छगननं खाली बसून झाकणाचे पेच सोडले, कार्डाच्या चिपवर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. चटका खरंच बसला होता. मग तो हसायला लागला. आधी हळू, मग पोट धरून. त्याचा पायगुण कूलरच्या वाऱ्यात वाहून जात होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

पण नथ्थू पिंप खांद्यावर घेऊन दारात येऊन उभा होता आणि शेठजी त्याला वाट देत गादीवरून उठत होते. कुसुमलताला कळलं की आता हे सासूबाईंना सांगायचं, त्यांनी त्याला तूप लावायचं आणि मग बाबूजींनी ऐकायचं, एवढा वेळ नाही.

“बाबूजी,” ती म्हणाली, “पाच मिनिटं थांबा.”

सगळं घर थबकलं. चार वर्षांत सुनेचा आवाज शेठजींच्या कानावर असा सरळ पडला नव्हता. त्यांनी आधी बायकोकडे बघितलं, निरोप कुठून आला ते कळेना. गुलाबबाई सुनेकडेच बघत होत्या. नथ्थू पिंपासकट उभा राहिला.

पाच मिनिटांनी कुसुमलतानं गणपती पडद्यावर पुन्हा मांडला. एकही ठिपका नाही. सोंड गुपचूप जागेवर येऊन बसली होती.

“योगायोग,” शेठजी म्हणाले.

“मग परत घालून बघू,” कुसुमलता म्हणाली. एकदा बोललं म्हणजे बोललं. “सासूजी, तुम्हीच घाला. तुम्ही घालता तसाच.”

गुलाबबाईंनी झूल घातली. किनार सरळ केली, चौकट पडद्यावर बसवली, सगळं नेहमीसारखं. कूलर पुन्हा बाकाकडे गेला. झुलाल आबांनी बंडीच्या खिशातून घड्याळ काढलं. ज्या सोंडेच्या भीतीनं लोक अपशकुन म्हणून उठून जायचे, ती कधी सरकते याची आता अठरा माणसं श्वास रोखून वाट बघत बसली. सांजोऱ्या फिरल्या. नवरदेवाचे काका म्हणाले पंधरा मिनिटं, वच्छलाबाई म्हणाल्या दहा. शेठजी गादीवर बसायचे विसरले. नथ्थूनं विचारलं की पिंप खाली ठेवू का, त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

“उठना रे,” आबा ओरडले. “हिरवा ठिपका उठना. आकरा मिनिट.”

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या आनंदानं कोणाचं मशीन बिघडलेलं धुळ्यात कोणी पाहिलं नसेल. गुलाबबाईंनी झूल काढली, कूलर मशीनकडे फिरवला, आबा बाकावरून उठले आणि सगळ्यांना हातांनी मागे सारायला लागले. “बठ्ठा बाजूले सरका. वारा लागू द्या त्याले. बिचाराले उकडी रायनं व्हतं.”

छगननं बसल्या जागी कागदावर लिहिलं, बिघाड मी डोळ्यांनी पाहिला, आणि सही ठोकली. मग तो शेठजींना म्हणाला, “कार्डाची एक चिप नाजूक झाली आहे, शेठजी. नवं कार्ड मिळेल आता. पण तोवर हे मोकळं आणि गार राहिलं तर वर्षभर हूं की चूं करणार नाही. आणि नवं आलं तरी त्याला झूल घालू नका.”

सगळ्यांचं लक्ष गुलाबबाईंकडे गेलं. त्या मशीनजवळ खाली बसल्या होत्या, झूल मांडीवर. त्यांनी उघड्या पेटीत हात घातला आणि तिथंच धरून ठेवला.

“चुलीसारखं तापलंय,” त्या म्हणाल्या. “आणि मी त्याला अस्तर लावत होते. बिघडलं की एक, परत बिघडलं की दुसरं. मला वाटलं, झाकलं म्हणजे जपलं.”

“सासूजी, मलाही कळलं नाही,” कुसुमलता म्हणाली. “मी तर रोज समोर बसते.”

गुलाबबाईंनी खुंटीवरचा विंझणा घेतला आणि कार्डाला वारा घालायला लागल्या, जावयाला घालतात तसा. दोन-चार वेळा हात हलला आणि थांबला. त्यांनी मान वर करून सुनेकडे बघितलं. लाल ओढणी हनुवटीपर्यंत होती, आणि हनुवटीवरून घामाचा थेंब खाली पडत होता. छप्पन्न वर्षांच्या होत्या गुलाबबाई. त्यांतले चाळीस धुळ्याचे उन्हाळे त्यांनी स्वतः असल्याच कापडात काढले होते.

त्या उठल्या. नथ्थूच्या खांद्यावरचं पिंप त्यांनी खाली ठेवायला लावलं आणि त्याच्यावर झूल चढवली. “याला घाला. याला उकडत नाही,” त्या म्हणाल्या. मग त्या शेठजींकडे वळल्या. या वेळी निरोपाला तूप नव्हतं.

“तुमची गादी फिरवा. तोंड रस्त्याकडे करून बसत जा.”

“का?”

“गिऱ्हाईक रस्त्याकडून येतं.”

शेठजींनी बायकोकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, मखमल घातलेल्या पिंपाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कितीतरी गोष्टी येऊन गेल्या. शेवटी ते खाकरले, वाकले, गादीचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं नथ्थूला धरायला सांगितलं. गादी फिरली. शेठजी खोलीकडे पाठ करून बसले आणि गल्लीतून जाणाऱ्या एका अनोळखी माणसाला त्यांनी मोठ्यानं या, या म्हटलं.

गुलाबबाईंनी सुनेच्या डोक्यावरची ओढणी दोन्ही हातांनी धरली आणि मागे केसांपर्यंत नेली.

“तूही तापतेस, बिंदणी,” त्या म्हणाल्या. “काम करताना हे नको.”

कूलरचा वारा कुसुमलताच्या तोंडावर आला. तिला हसायला आलं आणि त्याच्या जोडीला रडायलाही, आणि तिनं दोन्ही येऊ दिलं. मग तिनं डोळे पुसून पडद्याकडे बघितलं. गणपती पिवळा होता. पिवळा म्हणजे किती पिवळा, पिकल्या आंब्यासारखा, आणि त्याच्यामागचं मोरपंखी निळं असं, की डोळे तिथून हलेनात. चौकटींची जागा तिला दोन वर्षं तोंडपाठ होती. रंग ती आज बघत होती.

झुलाल आबा तिच्या शेजारी येऊन वाकले. “गनपती हाऊच जोयजे,” ते म्हणाले. “पन आंडेरनं, नवरीनं नाव कोनता रंगमा बरं दिसी, ताई?”

तिसऱ्या ओळीतला चौथा, हे उत्तर कुसुमलताच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“थांबा आबा,” ती म्हणाली. “जरा बघू द्या.”